उजव्या पायाची वही

माझा भाऊ किहाची याने आयुष्यात कधी कुणाचं ऐकलं असेल, तर त्या दिवशी मी गावात नसेन. तो एकाहत्तर वर्षांचा आहे. मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणजे एकाहत्तर वर्षं हे सगळं सोसते आहे. मधली चाळीस वर्षं लग्न होऊन शेजारच्या शहरात होते, तेवढीच काय ती सुट्टी. नवरा गेल्यावर माहेरच्या घरी राहायला आले. पहिल्याच संध्याकाळी वाटीतून घोट घेऊन किहाची म्हणाला, "ताई, सुपात मीठ कमी आहे." मी आले याचा आनंद वगैरे काही नाही. मीठ कमी आहे!

आमच्याकडे तीन पिढ्यांपासून लाकडी पिंपं होतात. सोयाबीनचा मिसो मुरवायची, मुळ्याचं लोणचं घालायची. हल्ली प्लास्टिकमुळे मागणी कमी झाली, तरी आमच्या बर्फाळ आकितातल्या जुन्या घरांना अजून लाकडाचंच पिंप लागतं. किहाची जमिनीवर बसतो, उजव्या पायाने फळी दाबून धरतो आणि दोन मुठींचं पातं दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढतो. त्याच्या कामात पाय हाच तिसरा हात. पातं ओढताना श्वास कोंडायचा, कारण श्वास सुटला की पातं हलतं. वडिलांनी त्याला हे डोक्यात टपल्या मारमारून शिकवलं. बोलायचं तर नाहीच. एकदा कामाला बसला की घरात माणूस आहे की नाही, कळत नाही.

ऑक्टोबरात माझ्या लक्षात आलं की हा बाजारात जाताना वाटेतल्या पर्सिमनच्या झाडाखाली थांबतो. आमच्या दारापासून ते सव्वाशे पावलांवर असेल. केशरी फळांनी लगडलेलं होतं, दिसायला सुंदरच. पण किहाचीने सत्तर वर्षांत त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आता रोज थांबायचा, हात मागे बांधून दोन मिनिटं बघत राहायचा.

"काय बघतोस रे?"

"झाड."

"ते दिसतंय. पण का?"

"बरं वाटतं."

मला वाटलं, म्हातारपणी माणूस हळवा होतो. पंधरा दिवस मी त्या झाडाचं कौतुक करत शेजारी उभी राहिले. मग एकदा परत येताना तो पोटरी चोळताना दिसला आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं.

ओनोदेरा डॉक्टर म्हणजे पस्तिशीची मुलगी. बोलते हळू, बघते नीट. तिने त्याला आडवं करून दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले. चार पट्टे एकदम फुगले, एकदम सुटले. मग तिने कागद पुढे केला. हातात एकशे बहात्तर, उजव्या घोट्याशी एकशे तीस. पायाकडे जाणारी नस आतून चिंचोळी झाली आहे, म्हणून चाललं की पोटरीला रक्त पुरत नाही आणि ती दुखते, असं तिने सांगितलं. सिगारेट बंद, मीठ कमी, गोळ्या चालू. रोज चालायचं, आणि समाजमंदिरात मंगळवारी आणि शुक्रवारी पायांच्या ताकदीचा वर्ग असतो, तिथे जायचं.

"आणि घरी बीपी मोजून वहीत लिहायचं, सकाळ-संध्याकाळ. एकशे पस्तीसच्या खाली आणायचंय," ती म्हणाली. "पण मला खरी काळजी आहे ती पायातल्या दाबाची. त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं."

किहाचीने मान डोलावली. मीही डोलावली. त्या दोन वाक्यांनी पुढे काय गोंधळ घातला, ते तेव्हा कुणाला माहीत!

परतीच्या वाटेवर तो झाडाखाली थांबला तेव्हा दोघांच्याही मनात वडील होते. त्यांचंही असंच पायापासून सुरू झालं होतं. आधी एक बोट काळं पडलं, मग पाऊल गेलं, मग गुडघ्याखाली काही उरलंच नाही. फळी धरायला पाय नाही म्हणून शेवटची सहा वर्षं ते कारखान्याच्या खिडकीशी बसून दुसऱ्यांचं काम बघत राहिले. मला बाकी काही नको होतं. किहाचीचा पाय जागेवर राहावा, एवढंच.

आता वर्गाचं ऐका. शिकवणारी चिआकी, तीस वर्षांची, आवाज स्टेशनवरच्या भोंग्यासारखा. सहा बायका आणि हा एकटा पुरुष. घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधायच्या, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. आधी सगळ्यांचं बीपी बघतात, एकशे साठच्या वर असेल तर त्या दिवशी नुसतं बसायचं. किहाचीचं एकशे अठ्ठावन्न आलं, म्हणून त्याला उभं केलं.

पाचव्या उचलीला त्याचं तोंड बिटासारखं लाल झालं.

"किहाचीसान, श्वास! श्वास कोंडू नका!" चिआकी ओरडली. "मोठ्याने आकडे म्हणा, म्हणजे श्वास आपोआप सुटतो. एक! दोन!"

"मी पिंपं करतो. मासळीबाजारात लिलाव पुकारत नाही."

"इथे सगळेच पुकारतात. म्हणा, तीन!"

हा ओठ घट्ट मिटून दहापर्यंत गेला. चिआकीने लगेच पट्टा बांधला, तर एकशे शहाण्णव! तिचा भोंगा पहिल्यांदाच बंद पडला. मग तिने समजावून सांगितलं, की जोर लावताना श्वास अडवला तर बीपी उसळतं, तुमच्यासारख्यांना ते परवडणारं नाही. आधी दोन आठवडे घरचे आकडे वहीत लिहून आणा, ते खाली दिसले तरच वजनाला हात लावायचा.

सहा बायकांसमोर एका पोरीने खाली बसवलं!  घरी आल्या आल्या खोक्यात पडून असलेलं बीपीचं मशीन त्याने बाहेर काढलं, वही घेतली आणि आपल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने बाहेर आला आणि वही माझ्यासमोर टाकली. एकशे एकतीस.

"बघ," म्हणाला. "त्या पोरीचं मशीन बिघडलंय."

त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ दार लागायचं. मशीनची घरघर ऐकू यायची, मग पेन्सिलचा आवाज. आकडे नेमाने आणि सुबक लिहिलेले. एकशे एकोणतीस, एकशे तीस, एकशे सव्वीस. मी खरंच चाट पडले. हा माणूस काही एक नियमाने करतो आहे, आणि त्याचा उपयोगही होतो आहे! भाजीवालीला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. कुणी विचारलं नाही तरी सांगितलं.

दोन आठवड्यांनी वही बघून चिआकीने त्याला पुन्हा उभं केलं. तिच्या मशीनवर आधी एकशे अडुसष्ट आलं होतं. दहा मिनिटं शांत बसवलं, तर एकशे एकोणसाठ. "काहींचं चारचौघांत वाढतं," ती म्हणाली. डिसेंबरात ओनोदेरा डॉक्टरही तेच म्हणाली. वहीत तेव्हा एकशे अठरा होतं. घरचे आकडे जास्त खरे धरतात, ते असेच राहिले तर फेब्रुवारीत एक गोळी कमी करू, म्हणाली. किहाचीने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही गावच्या कुस्तीत पहिला आला.

आणि मग लोणचं सुरू झालं.

आमच्याकडे मुळा आधी धुरावर सुकवतात आणि मग पिंपात घालतात. तोही ह्याच्याच पिंपात. मी ते पिंप मागच्या खोलीत नेऊन वर गोधडी टाकून ठेवलं होतं.

"ताई, एकशे अठरा आहे. दोन चकत्या दे."

"मिळणार नाहीत."

"एकशे अठरा! तुझं तरी आहे का इतकं कमी?"

दिल्या दोन चकत्या. जानेवारीत एकशे चार आलं, तेव्हा चार दिल्या. कुणी घातल्या त्याच्या ताटात? मीच. हे मी कुणावर ढकलू शकत नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. आकडे उतरत होते, पण चालणंही उतरत होतं. डिसेंबरात तो झाडापर्यंत पोचायच्या आधीच, टपालपेटीशी थांबायला लागला. टपालपेटीत काय बघायचं? तर म्हणे, पत्रं कधी काढतात ती वेळ वाचतो. जानेवारीत शेजाऱ्यांच्या फाटकाशीच थांबला. ते आमच्या दारापासून चाळीस पावलांवर. बर्फाचा ढीग बघतो म्हणाला. आकितात, जानेवारीत, बर्फाचा ढीग! मी म्हटलं, "किहाची, तुझा पाय जास्त दुखतोय." तर म्हणे व्यायामाने अंग दुखतंच, तू कधी केला असतास तर तुला कळलं असतं. वर्गात तो आता ओठ हलवायचा, आवाज मात्र काढायचा नाही. चिआकीला वाटायचं मोजतोय. मी खुर्चीवरून बघायचे, छाती हलतच नसायची. सांगितलं तर म्हणायचा, "चुगलखोर."

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी त्याच्या खोलीतल्या हीटरचं केरोसीन संपलं होतं म्हणून मी डबा घेऊन दार सरकवलं. किहाची कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, गोधडीबाहेर उजवा पाय लांब करून बसला होता. घोट्याला पट्टा. मशीन घरघरत होतं.

"दार लाव, गार वारा येतोय," तो म्हणाला.

"हे काय करतोयस?"

"बीपी मोजतोय. बोलू नकोस, आकडा चुकतो."

"पायावर?"

"मग कुठे? रोग कुठे झालाय मला? पायात. डॉक्टर काय म्हणाली? पायातल्या दाबाची काळजी आहे, त्याच्यावर लक्ष ठेवा. तू होतीस ना तिथे? सूप किती तापलंय ते बघायला तू भातात बोट घालतेस का?"

मशीन थांबलं. चौऱ्याऐंशी. त्याने पेन्सिल घेतली, चौऱ्याऐंशी लिहिलं आणि समाधानाने खाली रेघ ओढली.

मी डबा खाली ठेवला. आधी मला हसू आलं, मग संताप आला. पट्टा ओढून सोडवला आणि त्याच्या दंडाला बांधला. एकशे एकाहत्तर. म्हणजे ऑक्टोबरात जिथे होता तिथेच. तीन महिने ह्या वहीवर डॉक्टरने विश्वास ठेवला, चिआकीने ठेवला, मी ठेवला. गोळी कमी होणार होती. वर मी लोणचं वाढत होते.

"मूर्खा!" मी किंचाळले. "अरे, सगळं जग दंडावर मोजतं! मशीनच्या खोक्यावर चित्र आहे दंडाचं!"

"खोकं मी बघितलं नाही."

"चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तू आज मारणार आहेस."

"पण आकडा तर कमी होत होता ना?" तो म्हणाला. आवाज मात्र जरा उतरला होता. "कमी करा म्हणाली होती ना ती?"

मी दवाखान्यात फोन केला आणि त्याच दुपारची वेळ मागितली. टॅक्सीत बसून जाताना मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. टॅक्सीवाल्याने आरसा वळवून घेतला एवढं आठवतं. तपासायच्या खोलीत शिरल्या शिरल्या मी कमरेतून वाकले आणि डॉक्टरची माफी मागितली. माझ्या भावाने तीन महिने तुमची फसवणूक केली, मुद्दाम नाही, बुद्धी कमी म्हणून, असं सगळं सांगून वही टेबलावर ठेवली. आता ती हसेल किंवा रागावेल, म्हणून मी वाकलेलीच राहिले.

ती हसली नाही. रागावलीही नाही. म्हणाली, "कुठला पाय?"

"उजवा," किहाची म्हणाला. "कामाचा तोच आहे."

"रोज तोच? एकाच जागी?"

"रोज. घोट्याच्या हाडाच्या वर चार बोटं. बसून, पाय लांब करून, दहा मिनिटं थांबून. जागा बदलली तर मोजण्याला काय अर्थ?"

तिने पहिलं पान उघडलं आणि पेन्सिलचं टोक एकेका आकड्यावरून खाली नेत गेली. एकशे एकतीस. एकशे सव्वीस. एकशे अठरा. एकशे चार. ब्याण्णव. चौऱ्याऐंशी. शेवटच्या पानाशी तिने पेन्सिल खाली ठेवली.

"मोजा काढा," ती म्हणाली.

करंगळी जांभळी झाली होती. बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी जखम, कडा पांढुरक्या. तीन आठवड्यांपूर्वी पिंपाची पट्टी लागली, भरेल आपोआप, किहाची म्हणाला. मी त्याचे कपडे धुते, अंथरूण उन्हात घालते, पण पायात जाड मोजे घालून हिंडणाऱ्या म्हाताऱ्या भावाचं पाऊल कोण बघतं? मला खिडकीशी बसलेले वडील दिसले. 

डॉक्टरने पुन्हा चार पट्टे बांधून मोजलं. तिच्या मशीनवर उजव्या घोट्याशी शहाऐंशी आलं.

"सेत्सुसान, बसा," ती मला म्हणाली. "घरच्या मशीनने घोट्यावर असं मोजायचं नसतं, त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण उतार खोटा नाही. हातातला दाब कमी झाला तर मला हवाच आहे. पायातला हाताएवढा तरी हवा; तो कमी होतोय याचा अर्थ तिथे रक्त पोचत नाहीये. बरं होत नव्हतं, नस बंद होत चालली होती. फेब्रुवारीत मी वही बघून गोळी कमी केली असती. पायाची तपासणी मी मार्चमध्ये धरली होती." तिने वही मिटली. "मार्चपर्यंत ही करंगळी राहिली नसती. कदाचित पाऊलही."

किहाची आपल्या पायाकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी बरोबर मोजलं?"

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात जांघेतून बारीक नळी घालून, आत फुगा फुगवून ती नस मोकळी केली. चार दिवस तो दवाखान्यात होता, आणि चारही दिवस बिनमिठाच्या सुपाबद्दल रोज फोन करत होता. जखमेला भरायला दीड महिना लागला. पण भरली. करंगळी आहे. पाऊल आहे.

आणि माझ्या वाट्याला काय आलं? आता हा सार्वजनिक न्हाणीघरात गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून सगळ्या गावाला सांगतो, "बहिणीचं ऐकून दंडावर मोजलं असतं तर पाय गेला असता." आधीच कुणाचं ऐकत नव्हता, आता तर बोलायची सोयच राहिली नाही. दवाखान्यात तिथल्या नर्सला म्हणाला, "तुमच्या डॉक्टर माझीच वही बघून शिकल्या." मी तिथल्या तिथे जमिनीत गेले असते तर बरं झालं असतं.

नवी वही आणली, त्यात दोन रकाने पाडले. दंडाचा रोज, घोट्याचा डॉक्टरने सांगितला म्हणून आठवड्यातून एकदा, तोही माझ्यासमोर. दार उघडं. लोणच्याचं पिंप मी चिआकीला देऊन टाकलं. ती म्हणाली, इतकं सुंदर पिंप! मी म्हटलं, ने बाई, आणि आत काय आहे ते आम्हाला सांगू नकोस. पिशव्यांचं वजन कमी करून व्यायाम पुन्हा सुरू झाला, पण आता एका अटीवर. आवाज आला पाहिजे. घरी तो खोलीत टाचा उचलतो आणि मी स्वयंपाकघरातून ऐकते. आवाज बंद पडला की मी भिंतीवर पळी आपटते.

"श्वास!"

"सहा! घेतोय की! सात!"

जन्मभर ह्या घरात ह्याचा आवाज नव्हता, म्हणून मी कुरकुर करायचे. आता दिवसातून दोनदा तिसापर्यंत आकडे ऐकते. देव असं ऐकतो.

मार्चच्या शेवटच्या रविवारी दंडाला एकशे अडतीस आलं आणि घोट्याला एकशे एकतीस. एकाला उतरवण्यासाठी आणि दुसऱ्याला चढवण्यासाठी मी कितीतरी दिवस जीव आटवत होते. दोघं एकमेकांच्या इतके जवळ प्रथमच आले होते. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. किहाची म्हणाला, "वही दे इकडे, ओली करशील."

मंगळवारी आम्ही वर्गाला निघालो. बर्फ वितळून रस्त्याच्या कडेने पाणी वाहत होतं. फाटक आलं, तो थांबला नाही. टपालपेटी आली, थांबला नाही. मी काही बोलले नाही, बोलले असते तर मुद्दाम थांबला असता. पर्सिमनचं झाड आलं. तो खाली मान घालून, नेहमीच्या तुटक चालीने, झाडाखालून सरळ पुढे निघून गेला.

माझेच पाय थांबले.

दहा पावलं पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो वळला.

"काय झालं?"

"काही नाही. झाड बघते."

"त्यात काय बघायचंय? पान नाही, फळ नाही." मग त्याने मला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि परत आला. "पोटरी दुखते का? उजवी का डावी?"

"नाही रे बाबा. काही दुखत नाही."

"मीही हेच म्हणायचो."

माझ्याकडे रुमालही नव्हता. बाहीने डोळे पुसले. त्याने बघितलं आणि लगेच झाडाकडे तोंड फिरवलं, हात मागे बांधले आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

"तिसापर्यंत मोजतो," म्हणाला. "तोवर बघून घे. उशीर झाला तर ती पोरगी सगळ्यांसमोर ओरडते."

आणि भर रस्त्यात, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, तो मोठ्याने मोजायला लागला.